बेटिंग ॲपचा 'बोनस' खरा किती? ऑफर वाचायची कशी, हिशोब करायचा कसा, कायदा काय सांगतो

आयपीएल असो की विश्वचषक, सामने सुरू झाले की मोबाईलवर मेसेज यायला लागतात. 'पहिल्या डिपॉझिटवर १०० टक्के बोनस', 'पहिली बेट हरलात तर पैसे परत', 'मित्राला जोडा, ५०० मिळवा'. बेळगाव, निपाणी, खानापूरपासून पणजी, इंदूर, वडोदऱ्यापर्यंत हे मेसेज सारखेच. भाषा तेवढी बदलते. कट्ट्यावर बसलेली पोरं विचारतात, "फुकट मिळतंय तर घ्यायला काय जातंय?"

काय जातंय, तेच या लेखात आकड्यांनी बघू. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगायला हवी. भारतात क्रिकेटवर पैसे लावणारी ॲप चालवणं बेकायदा आहे, त्यामुळे ही माहिती पैसे लावण्यासाठी दिलेली नाही. समोर आलेल्या ऑफरची खरी किंमत कळावी आणि घरातल्या कुणाला ती आकड्यांत समजावता यावी, एवढ्यासाठी आहे.

आधी भाव समजून घ्या

ॲपवर भाव दशांशात असतो. भाव १.९० म्हणजे १०० रुपये लावून जिंकलात तर १९० हातात येतात. त्यात तुमचे मूळ १०० धरलेले असतात, नफा ९० चा.

आता समजा, दोन तोडीस तोड संघांचा सामना आहे. दोघांची जिंकायची शक्यता निम्मी-निम्मी. नाणं उडवण्यासारखंच. अशा वेळी प्रामाणिक भाव दोन्हीकडे २.०० हवा. पण बुकी दोन्हीकडे १.९० देतो. प्रत्येक वेळी १०० लावत राहिलात तर सरासरी ९५ परत येतात. ५ रुपये बुकीचे. हे ५ रुपये कुठंही 'चार्ज' म्हणून दिसत नाहीत, भावातच मुरलेले असतात.

कुठल्याही सामन्यात बुकीचा हिस्सा असा काढता येतो: प्रत्येक निकालाच्या भावाने १०० ला भागा आणि आलेले आकडे मिळवा. १.९० आणि १.९० असेल तर ५२.६ अधिक ५२.६, म्हणजे १०५.२. शंभरच्या वर जितकं जास्त, तितका बुकीचा हिस्सा मोठा. बोनसची किंमत मोजायची तर हा आकडा आधी हातात हवा.

डिपॉझिट बोनस: 'रोलओव्हर'चा सापळा

सगळ्यात जास्त दिसणारी ऑफर हीच. ५,००० भरा, ५,००० बोनस मिळवा. खात्यात लगेच १०,००० दिसतात. पण बोनस काढता येत नाही. आधी ठराविक रकमेच्या बेट लावाव्या लागतात. त्याला रोलओव्हर म्हणतात. अट बारीक अक्षरात असते: 'डिपॉझिट अधिक बोनसच्या १० पट'.

हिशोब करू. १०,००० च्या १० पट म्हणजे १,००,००० रुपयांच्या बेट. दर शंभरामागे बुकीचे ५ धरले तर एक लाखामागे ५,००० जातात. बोनस किती होता? ५,०००. म्हणजे सरासरीने बोनस जिथून आला तिथेच परत गेला.

अट १५ पट असेल तर बेट १,५०,००० च्या आणि अपेक्षित तोटा ७,५००. बोनस वजा केला तरी २,५०० खिशातून गेले. अट फक्त बोनसच्या ५ पट असेल तर बेट २५,००० च्या, तोटा १,२५०, आणि कागदावर ३,७५० उरतात. म्हणून 'किती टक्के बोनस' हा प्रश्नच चुकीचा आहे. किती पट आणि कशाच्या पट, हे विचारायला हवं.

त्यात मुदत असते. एक लाखाच्या बेट ३० दिवसांत पुऱ्या करायच्या तर रोज ३,३३३ रुपये लावावे लागतात. मुदत ७ दिवसांची असेल तर रोज १४,२८६. समजा, एखाद्या पोराचा पगार महिन्याला १८,००० आहे. बोनस सोडवायच्या नादात तो जवळजवळ महिन्याचा पगार रोज फिरवत बसतो. आणि हे सगळं सरासरीचं गणित झालं. प्रत्यक्षात सलग सात-आठ बेट हरणं काही विशेष नसतं. अनेकांचे पैसे अट पुरी व्हायच्या आधीच संपतात आणि मग 'एवढंच भरून अट पूर्ण करू' म्हणून पुन्हा डिपॉझिट होतं. ऑफर त्यासाठीच बेतलेली असते.

फ्री बेट: १,००० ची किंमत १,००० नसते

'१,००० ची फ्री बेट' मिळाली तर बहुतेक ठिकाणी जिंकल्यावर फक्त नफा मिळतो, मूळ १,००० मिळत नाहीत. वरच्याच सामन्यात १.९० च्या भावाला ती लावली तर जिंकल्यास ९०० मिळतील आणि शक्यता निम्मी. म्हणजे किंमत सरासरी ४५०. ती मिळवायला आधी स्वतःचे १,००० लावायची अट असेल तर तिथे सरासरी ५० जातात. उरले ४००.

'पहिली बेट हरलात तर पैसे परत' यातही बहुधा रोख परत येत नाही, फ्री बेट येते. हरायची शक्यता निम्मी म्हणून ४५० चे निम्मे २२५. त्यातून पहिल्या बेटवरचे ५० वजा केले की १७५. 'पूर्ण हजार सुरक्षित' या जाहिरातीची खरी किंमत पावणेदोनशे रुपये.

वाढवलेला भाव आणि 'कॉम्बो'

एखाद्या सामन्यात १.९० चा भाव २.१० करून देतात. हा फायदा खरा असू शकतो. पण लावायची कमाल रक्कम ५०० वगैरे असते, आणि सरासरी फायदा होतो २५ रुपये. ते २५ देऊन तुम्हाला ॲपवर आणणं हा खरा उद्देश. शिवाय 'आधीचा भाव' म्हणून जो आकडा खोडलेला दाखवतात, तो मुळात तेवढाच होता का, हे बघायला दुसरीकडचा भाव लागतो.

सगळ्यात फसवी ऑफर कॉम्बोची: 'पाच सामने एकत्र लावा, जिंकल्यास १० टक्के जास्त'. एका सामन्यात शंभराचे ९५ होतात. पाच सामने एकत्र केले की ९५ टक्क्यांचे ९५ टक्के असं पाच वेळा होतं आणि शंभरामागे सरासरी ७७ उरतात. त्यावर १० टक्के जास्त दिले तरी ८५. बोनस धरूनही १५ रुपये तोटा, साध्या बेटच्या तिप्पट. म्हणूनच अशा ऑफर सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतात.

बारीक अक्षरांत काय बघायचं

- रोलओव्हर किती पट आणि कशाच्या? फक्त बोनसच्या की डिपॉझिट धरून?
- मुदत किती दिवसांची?
- किमान भाव किती? १.८० खालच्या बेट धरणार नाही अशी अट असेल तर 'सेफ' बेट लावून अट पुरी करता येत नाही.
- मधेच पैसे काढले तर बोनस आणि त्यावर जिंकलेलं सगळं जप्त होतं का?
- बोनसवर जिंकायची कमाल मर्यादा आहे का?
- पैसे काढायची किमान रक्कम किती? ओळखपत्रांची तपासणी भरताना होते की काढताना?

शेवटचा मुद्दा मोलाचा. पैसे भरताना एक क्यूआर कोड पुरतो, आणि काढताना पॅन, आधार, बँक स्टेटमेंट, सेल्फी असं सगळं मागितलं जातं. अशा ॲपकडे तुमची कागदपत्रं जाणं हेच वेगळं संकट.

आणि वर कर

अशा जिंकलेल्या रकमेवर आयकर सरसकट ३० टक्के दराने लागतो, शिवाय उपकर. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असलं तरी यातून सुटका नाही. कर धरला की वरच्या हिशोबात जे थोडंफार उरताना दिसलं, तेही बरंचसं आटतं.

कायदा: सीमा ओलांडली म्हणून बदलत नाही

आपल्या भागात एक समज पक्का आहे: 'गोव्यात चालतं'. चोर्ला घाट उतरून पणजीला जाणाऱ्या अनेकांना वाटतं की तिथे मांडवीत कॅसिनोची जहाजं उभी आहेत, तर मोबाईलवरचा सट्टाही तिथे चालत असणार. तसं नाही. गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांतली यंत्रं आणि जहाजांवरचे कॅसिनो यांना परवानगी मिळाली. क्रिकेटवर ॲपने सट्टा लावायला त्यात जागा नाही.

महाराष्ट्रात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा आहे, कर्नाटकात १९६३ च्या पोलीस कायद्यात जुगाराची कलमं आहेत, तेलंगणात १९७४ चा गेमिंग कायदा आहे आणि २०१७ मध्ये त्यात ऑनलाइन खेळही आणले गेले. घोड्यांच्या शर्यतीचं प्रकरण वेगळं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला कौशल्याचा खेळ मानलं. तो निकाल क्रिकेटच्या सट्ट्याला लावता येत नाही.

या सगळ्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा केंद्रीय कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, त्याने बंद केले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बँका आणि पेमेंट कंपन्यांना अशा व्यवहारांना मनाई. नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण राज्यांचे जुने कायदे आहेतच. आणि ऑफरची लिंक स्टेटसला टाकून 'माझ्या कोडने जॉइन व्हा' म्हणणारा जाहिरातीच्या कलमाच्या किती जवळ जातो, हे त्याने स्वतःच ठरवावं.

ॲपच्या तळाशी 'कुरासाओ लायसन्स' असं लिहिलेलं दिसतं. कुरासाओ हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. तिथला परवाना भारतात चालत नाही. बोनस अडकला, खातं बंद केलं, व्हॉट्सॲपवर 'आयडी' देणारा नंबर गायब झाला, तर दाद मागायला ग्राहक मंच नाही, नियामक नाही. म्हणून भारतातल्या वाचकासाठी वरचं सगळं गणित एका ओळीत येतं: ऑफर देणारा ती पाळेल याची हमीच नसेल, तर बोनसची किंमत शून्य धरावी.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी

ब्रिटनमध्ये सट्टा कायदेशीर आहे आणि त्यावर गॅम्बलिंग कमिशनची देखरेख असते. तिथेही रोलओव्हरच्या अटींतून लोकांचं नुकसान होतं, हे मान्य करून कमिशनने मार्च २०२५ मध्ये ही अट बोनसच्या जास्तीत जास्त १० पट ठेवायचं जाहीर केलं. ऑस्ट्रेलियात तर खातं उघडण्यासाठी आमिष म्हणून बोनस देण्यावरच बंदी आहे. स्वतःला सगळ्या परवानाधारक साइटवरून बंद करून घ्यायची सोय ब्रिटनमध्ये 'गॅमस्टॉप' आणि ऑस्ट्रेलियात 'बेटस्टॉप' या नावाने आहे. जिथे हा धंदा कायद्याच्या चौकटीत चालतो तिथेही सरकारांना बोनसवर लगाम घालावा लागला, यावरून काय ते समजावं.

खातं भाड्याने देऊ नका

अलीकडे ऑफरचा आणखी एक प्रकार फिरतो: 'तुझं बँक खातं आणि सिम दे, महिन्याला ठराविक रक्कम मिळेल'. सट्ट्याचे पैसे फिरवायला अशी खाती लागतात. पोलीस तपासात खातं गोठवलं जातं आणि नोटीस येते खातेदाराच्या नावाने. चौकशी दुसऱ्या राज्यातली असेल तर तारखांना तिकडे जावं लागतं. शिकणाऱ्या पोरांना हे घरी बसवून सांगा.

अडकला असाल तर

पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळायची शक्यता कमी. स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, ज्या नंबरवरून 'आयडी' मिळाला तो नंबर, सगळं जपून ठेवा.

आणि हात थांबत नसेल, कर्ज काढून लावणं सुरू झालं असेल, घरी खोटं बोलावं लागत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ही सेवा सरकारी आणि मोफत आहे, भारतीय भाषांत बोलता येतं. घरच्यांनी एवढंच करावं: आधी ओरडू नये, बँक स्टेटमेंट घेऊन शेजारी बसावं आणि किती भरले, किती काढले, या दोनच रकमा कागदावर मांडाव्यात. बोनसच्या जाहिरातीला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.