किशोरवयीनांच्या आंतरजाल वापरावरील पालकीय देखरेख

किशोरवयीनांच्या आंतरजाल वापरावरील पालकीय देखरेख म्हणजे अठरा वर्षांखालील मुलामुलींनी भ्रमणध्वनीवर कोणती संकेतस्थळे पाहिली, काय शोधले व कोणाशी संवाद साधला यावर पालकांनी ठेवलेले लक्ष किंवा घातलेली बंधने. घरात उघडपणे ठरवलेले नियम, फोनमधील अंगभूत सोयी, विकत मिळणारी देखरेख-ॲप आणि मुलाच्या नकळत केलेली फोनची तपासणी हे सारे प्रकार या संज्ञेत मोडतात. यांपैकी शेवटचा प्रकार सर्वाधिक वादग्रस्त आहे.

पार्श्वभूमी

मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले. तोवर पालकांच्या खिशात असलेला फोन त्यामुळे मुलांच्या हाती गेला. नाशिक जिल्ह्यात या बदलाची दोन टोके दिसतात. नाशिक शहरातील मध्यमवर्गीय घरांत दहावी-बारावीच्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा फोन असणे ही आता सामान्य बाब आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासीबहुल डोंगराळ तालुक्यांतील अनेक कुटुंबांत मात्र एकच फोन सर्वजण वापरतात. सामायिक फोनवर देखरेख आपोआपच होते, कारण शोधलेले शब्द आणि आलेले संदेश पुढच्याच्या नजरेस पडतात. उलट, घरातील फोन सर्वांत चांगला मुलालाच येत असेल, तर पालकांना देखरेखीची सोय चालू करण्यासाठीही त्याचीच मदत घ्यावी लागते.

२०२४ च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. फोन वापरू शकणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्के जणांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण २६.९ टक्के होते. देखरेखीचा विचार करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. ज्या घरात मुलीला फोनच मिळत नाही, तेथे देखरेखीचा प्रश्न उद्भवण्याआधीच मिटवलेला असतो.

खासगी न्याहाळणी आणि तिच्या मर्यादा

बहुतेक न्याहाळकांत 'खासगी' किंवा 'इन्कॉग्निटो' खिडकीची सोय असते. ॲपलच्या सफारीमध्ये ती २००५ पासून, तर गुगल क्रोममध्ये २००८ पासून आहे. अशा खिडकीत पाहिलेल्या पानांचा इतिहास फोनवर साठत नाही आणि खिडकी बंद करताच कुकी पुसल्या जातात. फोन हाती घेऊन इतिहास तपासणाऱ्या पालकांना त्यामुळे काहीच दिसत नाही.

ही गुप्तता त्या एका उपकरणापुरतीच असते, हे मुलांना आणि पालकांना सारखेच अपरिचित असते. आंतरजाल सेवा पुरवणारी कंपनी किंवा शाळेच्या वाय-फायचा व्यवस्थापक यांना कोणत्या संकेतस्थळाशी संपर्क झाला हे सामान्यतः कळू शकते. एचटीटीपीएसमुळे पानावरील मजकूर झाकला जातो, पण संकेतस्थळाचे नाव बहुधा झाकले जात नाही. भेट दिलेले संकेतस्थळही माहिती गोळा करू शकते. याच मुद्द्यावर २०२० मध्ये अमेरिकेत गुगलविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. २०२४ च्या तडजोडीत कंपनीने खासगी न्याहाळणीशी संबंधित अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे आणि वापरकर्त्यांना दिली जाणारी सूचना अधिक स्पष्ट करण्याचे मान्य केले.

गुगलच्या 'फॅमिली लिंक' सेवेतील देखरेखीखालच्या खात्यावर क्रोममधील इन्कॉग्निटो खिडकी उघडत नाही. आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम'मधून प्रौढ संकेतस्थळांवर मर्यादा घातल्यास सफारीतील खासगी न्याहाळणीचा पर्याय नाहीसा होतो. दुसरा न्याहाळक, एखाद्या ॲपच्या आतील न्याहाळक, व्हीपीएन किंवा मित्राचा फोन या पळवाटा मात्र उरतातच.

गुप्त देखरेख-ॲप

मुलाच्या नकळत त्याचे संदेश, छायाचित्रे व ठावठिकाणा पालकांकडे पाठवणारी ॲपही विकली जातात. गुगल प्लेच्या धोरणानुसार पालकांसाठीच्या देखरेख-ॲपनी आपले अस्तित्व लपवू नये आणि फोनवर सतत दिसणारी सूचना ठेवावी, अशी अट आहे. त्यामुळे गुप्त ॲप बहुधा अधिकृत दुकानाबाहेरून, फोनची सुरक्षा शिथिल करून बसवली जातात. अशा ॲपने गोळा केलेली माहिती पालकांपर्यंत पोहोचण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हरवर साठते. 'एमस्पाय' या प्रसिद्ध सेवेची माहिती २०१५, २०१८ आणि २०२४ अशी तीनदा फुटली. मुलाला अनोळखी लोकांपासून वाचवण्यासाठी घेतलेले साधन त्याचे खासगी आयुष्य अनोळखी लोकांपुढे उघडे करू शकते, हा या ॲपवरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे.

कायदेशीर स्थिती

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या १६ व्या अनुच्छेदातही मुलांच्या खासगी आयुष्यातील मनमानी हस्तक्षेपाला मनाई आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, वसतिगृहातील फोनबंदीविरुद्ध एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने केलेल्या याचिकेवर, आंतरजालाची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले. ती विद्यार्थिनी सज्ञान होती, आणि तो वाद संस्थेशी होता, पालकांशी नव्हे.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे. बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे कंपन्यांना बंधनकारक असून बालकाच्या वर्तनाचा माग काढण्यास आणि त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेली माहितीची हाताळणी अधिनियमाच्या कक्षेबाहेर असल्याने मुलाचा फोन तपासणाऱ्या आईवडिलांना तो लागू होत नाही. कंपनीला जे निषिद्ध, ते घरात मुक्त, अशी ही स्थिती आहे.

देखरेखीतून जे हाती लागते त्याचेही कायदेशीर परिणाम होतात. पोक्सो कायदा, २०१२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य धरली जात नाही आणि गुन्ह्याची माहिती असलेल्या व्यक्तीवर ती पोलिसांना देण्याचे बंधन आहे. फोनमधील प्रेमसंदेश वाचून सुरू झालेला घरगुती वाद त्यामुळे फौजदारी खटल्यापर्यंत जाऊ शकतो. दुसरीकडे, छायाचित्रांवरून धमकावले जाणारे मूल भीतीपोटी गप्प राहते आणि पालकांनी फोन पाहिल्यावरच प्रकार उघडकीस येतो, हीही वस्तुस्थिती आहे. अशा तक्रारी नाशिक शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करता येतात. मुलांना स्वतः मदत मागण्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

गावपातळीवरील प्रयोग

महाराष्ट्रात हा प्रश्न काही ठिकाणी घराबाहेर, गावसभेत सोडवण्याचा प्रयत्न झाला. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास फोन व दूरचित्रवाणी बंद ठेवली जाते. मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा असल्यामुळे हा नियम देखरेखीपेक्षा सामूहिक शिस्तीच्या जवळ जातो. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांच्या फोन वापरावर बंदीचा ठराव केला. तेथे बंधन केवळ मुलांवर होते.

संशोधन

हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी स्वीडनमधील १४ वर्षांच्या मुलांवर केलेला, २००० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात पायाभूत मानला जातो. मुलांच्या हालचालींविषयी पालकांना असलेली माहिती मुख्यतः पाळतीतून नव्हे, तर मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे मिळते, असे त्यात आढळले. अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ मध्ये ७५ अँड्रॉइड ॲप तपासली असता त्यांतील ८९ टक्के सोयी पालकांच्या नियंत्रणासाठी होत्या. किशोरांना स्वतःवर नियंत्रण ठेवायला मदत करणाऱ्या सोयी अवघ्या ११ टक्के होत्या. पुढच्या वर्षी मुलांनी अशा ॲपविषयी लिहिलेल्या ७३६ अभिप्रायांचा अभ्यास झाला. त्यांपैकी ७९ टक्के अभिप्रायांत ॲपला दोन किंवा त्याहून कमी तारे दिलेले होते.