आजीच्या लुगड्याचे पेन

आजीच्या लुगड्याचा काठ, जुन्या देव्हाऱ्याच्या लाकडाचा तुकडा, वडिलांचे पत्र. अशा वस्तू बहुधा ट्रंकेच्या तळाशी पडून असतात. त्यांतील एखादी पारदर्शक रेझिनमध्ये बसवून पेन घडवायचे आणि ते घरच्यांना भेट द्यायचे, हा छंद लेथ बाळगणाऱ्या हौशी कारागिरांमध्ये चांगलाच रुजला आहे. हातघडणीच्या पेनांची परंपरा आपल्या देशात आहेच. राजमहेंद्रीची रत्नम पेने १९३० च्या दशकापासून एबोनाइटची, म्हणजे गंधकाने कडक केलेल्या रबराची, घडत आली आहेत. रेझिनच्या पेनात मात्र एक जोखीम असते. एकदा आत गेलेली वस्तू पुन्हा बाहेर काढता येत नाही.

रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव ठरलेल्या प्रमाणात मिसळावे लागतात. घरोघरी परिचित असलेले दोन नळ्यांचे अ‍ॅराल्डाइट याच इपॉक्सी कुळातले. ओतकामाचे इपॉक्सी कडक होण्यास साधारणतः एक ते तीन दिवस घेते. पॉलियुरेथेन काही मिनिटांत आवळते, पण ओलावा लागताच फेसाळते. म्हणून लाकूड पूर्ण वाळलेलेच हवे.

कापडाचे तंत्र अधिक नाजूक. रेझिन शोषताच सुती कापड गडद आणि अर्धपारदर्शक होते व आतील पितळी नळी दिसू लागते. यासाठी नळीला आधी कापडाच्या रंगाचा हात द्यावा. कापड तिच्यावर घट्ट गुंडाळून प्रथम थोडेसेच रेझिन पाजावे. धाग्यांतील हवा निघून गेल्यावर नळीची तोंडे बुजवून ती सिलिकॉनच्या साच्यात ठेवावी आणि मग उरलेले रेझिन ओतावे. पत्र असेल तर मूळ कागद मुळीच वापरू नये, कारण त्यावरील शाई फुटण्याचा धोका असतो. लेझर छपाईची प्रत काढून तिला फेविकॉलचा हात द्यावा.

बुडबुडे आक्रसावेत म्हणून अनुभवी कारागीर साचा दाबपात्रात, दर चौरस इंचास ४० ते ६० पौंड दाबाखाली ठेवतात. घरच्या कुकरवर हा प्रयोग करू नये. तो सुमारे १५ पौंडांसाठीच बनविलेला असतो.

खरी कसोटी लेथवर लागते. प्रचलित सडपातळ पेनाची नळी ७ मिलिमीटरची असते आणि टोकांशी तिच्यावर जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर थर उरतो. हत्यार बोथट असेल तर टवके उडतात, किंचित खोल गेले तर काठाची जरच कापली जाते. तेव्हा पहिली दोन-तीन पेने साध्या चिंध्यांची करावीत. मास्क आणि हातमोजेही हवेत; इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही.

दोन नळ्यांच्या पेनाला ११ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी पुरते. चार नातवंडांची चार पेने केली, तरी लुगड्याच्या एका काठाचा अर्धा मीटरही खर्च होत नाही.