नक्षी राहिली, हमाम गेले

चार बाय सहाच्या बाथरूमसाठी टाइल्स बघताना दुकानदाराने ‘मोरोक्कन’ म्हणून फिक्या हिरव्या चांदण्यांची नक्षी दाखवली. घरी येऊन शोधलं, तर वाट स्पेनमधल्या ग्रानाडाला पोचली. तिथल्या अल्हाम्ब्रा राजवाड्यातल्या हमामात रंगीत टाइल्सचे तुकडे जुळवून केलेली अशीच भौमितिक नक्षी आहे.

१४९२मध्ये ग्रानाडा ख्रिस्ती राजांनी घेतलं. राजवाडा त्यांना आवडला, त्यांनी तो जपला. तिथल्या मुसलमानांना मात्र पुढे सक्तीने ख्रिस्ती केलं. १५६७च्या फर्मानाने त्यांची अरबी भाषा, पोशाख आणि हमामसुद्धा बंद केले. आंघोळीवरूनही माणसावर संशय घेतला जायचा. १६०९पासून त्यांच्या वंशजांना देशाबाहेर काढलं.

मी आरशाखाली त्या टाइल्सची एकच पट्टी लावली. बाकी भिंत पांढरी. सकाळी घाईत अंगावर पाणी घेताना तिच्याकडे लक्ष जातं.