सात सेकंदांचा ठेका आणि गोंधळलेलं सॉफ्टवेअर

मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर बीट बनवत असाल, तर हे तुमच्याबाबतीत झालंच असेल. ड्रम लूप ॲपमध्ये टाकला, ॲपने टेम्पो सांगितला, आणि तो साफ चुकला. का चुकतो? त्यासाठी आपल्याला 1969 मध्ये जावं लागेल.

त्या वर्षी अमेरिकेतल्या ‘द विन्स्टन्स’ या बँडची रेकॉर्ड आली. तिच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ नावाचं वाद्यसंगीत होतं. मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम्स वाजवतो. चार बार, साधारण सात सेकंद. हाच तो प्रसिद्ध ‘आमेन ब्रेक’. ऐंशीच्या दशकात हिप-हॉपवाल्यांनी तो सॅम्पल केला, आणि नव्वदच्या दशकात लंडनच्या जंगल संगीताने तो वेगाने पळवला.

आता गंमत बघा. पहिले दोन बार सरळ आहेत. तिसऱ्यात कोलमन स्नेअरचा एक ठोका उशिरा मारतो. चौथ्यात तर पहिलीच मात्रा रिकामी सोडतो. आपल्या कानाला यात मजा येते, पण मोठे ठोके शोधून त्यांच्यातलं अंतर मोजणारं सॉफ्टवेअर इथे गडबडतं.

1994 मध्ये स्वीडनच्या प्रॉपेलरहेडने ‘रीसायकल’ आणलं. ते लूपचे ठोक्याठोक्याला तुकडे करायचं. टेम्पो काढायला मात्र ते तुम्हालाच विचारायचं: हा लूप किती बारचा? पुढे 1998 मध्ये ‘ॲसिड’ आलं, 2001 मध्ये ‘एबलटन लाइव्ह’ आलं. लूप ताणून गाण्याच्या टेम्पोत बसवणं सोपं झालं. हळूहळू सॉफ्टवेअर विचारायचं सोडून स्वतःच अंदाज बांधायला लागलं.

अंदाज चुकला, तर त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर आपणच द्यायचं. चार बार म्हणजे 16 मात्रा. 16 गुणिले 60, भागिले लूपचे सेकंद. सात सेकंद असतील तर सुमारे 137 बीपीएम. पण लूपच्या शेवटी अर्धा सेकंद शांतता राहिली असेल, तर तेच गणित 128 दाखवेल! म्हणून आधी दोन्ही टोकं नीट कापा. सुरुवात बरोबर पहिल्या ठोक्यावर हवी. 172 चा लूप 86 दिसला तर घाबरू नका. तबलेवाले ज्याला दुगुन म्हणतात, तोच हा घोळ. आकडा दुप्पट करा. आणि मधले ठोके पुढेमागे वाटले, तरी सगळे ग्रिडवर ओढू नका. प्रत्येक बारची सुरुवात तेवढी जुळवा. कोलमनचा तो उशिरा आलेला स्नेअर सरळ केलात, तर मागे राहील फक्त मशीन.

आणखी एक गोष्ट. हा ठेका हजारो गाण्यांत वापरला गेला, पण कोलमनला त्याची रॉयल्टी मिळाली नाही. 2006 मध्ये तो गेला. 2015 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढली आणि बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे 24 हजार पौंड दिले. तोवर कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

तेव्हा पुढच्या वेळी लूप टाकाल, तेव्हा टेम्पोसोबत तो वाजवणाऱ्याचं नावही शोधा. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, गाणं टाकताना श्रेय द्या. भेटू पुढच्या भागात!