हसण्यावारी नेलेला पाठलाग

२०१४ सालचा रमजान जूनच्या अखेरीस सुरू झाला. त्याच सुमारास तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरकडे सरकत होती. आमच्या भागात या दोन गोष्टी एकत्र आल्या की दिवस फार धावपळीचे जातात. सकाळी वारकऱ्यांना केळी वाटायची आणि संध्याकाळी इफ्तारीला केळी उरली नाहीत म्हणून बाजारात पळायचं. त्या गडबडीत, २७ जूनला ‘एक व्हिलन’ हा हिंदी सिनेमा आला आणि आषाढी एकादशीनंतर दोनच दिवसांनी, ११ जुलैला, मराठी ‘लय भारी’ आला. दोन्हींत रितेश देशमुख. ‘लय भारी’त तो पंढरपुरात वाढलेला माउली होता. ‘एक व्हिलन’मध्ये तो बायकांच्या मागावर राहून त्यांचा जीव घेणारा राकेश महाडकर होता.

रोजे असल्यामुळे तेव्हा दोन्ही पाहिले नाहीत. ‘एक व्हिलन’ पुढे हिवाळ्यात घरच्या टीव्हीवर पाहिला. पडद्यावर रितेश दिसला आणि घरातली पोरं हसायलाच लागली. त्यांचंही बरोबर होतं. ‘मस्ती’, ‘मालामाल वीकली’, ‘धमाल’, ‘हाऊसफुल’, ‘ग्रँड मस्ती’ अशी दहा वर्षं या माणसाने हसवण्याचंच काम केलेलं. तो आला म्हणजे आता काहीतरी गंमत होणार, ही आमची सवय. पण तो एका बाईच्या घरात शिरला, हातात स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चेहऱ्यावरचा तो ओशाळा, गरीब भाव तसाच राहिला. घरातलं हसू एकदम थांबलं. धाकट्याने विचारलं, “हा जोकर आहे की गुंड?”

त्या प्रश्नाचं उत्तर देताना मी अडखळलो. कारण काही दिवसांपूर्वीच मी एका चुकीच्या जागी हसलो होतो. ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास पाहू, कारण हसवणाऱ्या माणसाला भीतीदायक करण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे.

सगळ्यात मोठं उदाहरण निळू फुल्यांचं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेला हा नट, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगाने त्यांचं नाव झालं. म्हणजे सुरुवात विनोदाची. १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’तला त्यांचा झेलेअण्णा गाजला आणि मग ‘सामना’त ते साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील झाले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा कारखान्यांच्या धुराड्यांखाली वाढलेल्या आमच्यासारख्यांना तो पाटील ओळखीचा वाटला यात नवल नाही. त्याचे दिग्दर्शक जब्बार पटेल. आमच्या शेजारच्या दौंडला दवाखाना चालवत सिनेमे करणारे डॉक्टर. पडद्यावर निळूभाऊंची नजर वळली की बाई पदर सावरायची आणि थिएटरातल्या बायकाही सावरायच्या. प्रत्यक्षात हा चळवळीतला सज्जन माणूस. पण सत्ता असलेला पुरुष बाईकडे कसा बघतो, हे त्यांनी काही न बोलता दाखवलं.

याच जब्बार पटेलांनी १९९२ मध्ये ‘एक होता विदूषक’ केला. पटकथा पु. ल. देशपांड्यांची, नायक लक्ष्मीकांत बेर्डे. लक्ष्या आला म्हणजे हसायचं, असं ठरवून बसलेल्या प्रेक्षकाला त्यांनी विदूषकाच्या आतलं रिकामपण दाखवलं. पुढच्याच वर्षी ‘झपाटलेला’ आला. ज्या दिलीप प्रभावळकरांनी टीव्हीवर चिमणराव होऊन घराघरांत हसवलं होतं, त्यांनी तात्या विंचू उभा केला. तो बाहुला लक्ष्याच्या मागे लागतो, त्याला त्याचं शरीर हवं असतं. सिनेमा विनोदीच, पण माझ्या पिढीतली कितीतरी पोरं त्या आवाजाने रात्री दचकून उठली आहेत.

आता ‘पाठलाग’ हा शब्द घ्या. या नावाचा मराठी सिनेमा १९६४ चा. दिग्दर्शक राजा परांजपे, म्हणजे ‘लाखाची गोष्ट’सारखा हसरा सिनेमा करणारे. त्या रहस्यपटावरूनच हिंदीत १९६६ साली ‘मेरा साया’ झाला. तिथे पाठलाग होता तो सत्याचा. आपली बायको मेली, की समोर उभी असलेली हीच ती, याचा शोध. पुढे मात्र हिंदी-मराठी पडद्यावर पाठलागाचा एकच अर्थ उरला: नायक नायिकेच्या मागे फिरणार. सायकलवर, बसस्टॉपवर, कॉलेजच्या फाटकाशी. पहिल्या कडव्यात ती रागावणार, शेवटच्या कडव्यात लाजणार. नायकाचा विनोदी मित्र तेच तिच्या मैत्रिणीच्या बाबतीत करणार आणि चप्पल खाणार. एकाचं प्रेम झालं, दुसऱ्याचा विनोद झाला. मुलीला यातलं काय वाटलं, हे विचारायला पटकथेत जागाच नव्हती.

पडद्याबाहेर काय चाललं होतं? १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेच्या वर्गात शिरून एका मुलीला जाळून मारलं गेलं. नकार सहन न झालेल्या तरुणाने आपल्या साथीदारांसह हे केलं. महाराष्ट्र हादरला. आमच्या गल्लीतल्या मोठ्या बहिणींना काही दिवस शाळेत सोडायला घरचा कोणीतरी जायचा, एवढं मला अंधुक आठवतं. आणि १९९३ च्या डिसेंबरात ‘डर’ आला. ‘सर्कस’ मालिकेतून घरातला वाटू लागलेला शाहरुख खान त्यात एका मुलीच्या मागे वेड्यासारखा लागतो. फोन करतो, घरात शिरतो, जीव घ्यायला निघतो. लोकांनी टाळ्या कोणासाठी वाजवल्या? त्याच्यासाठी. शाळेच्या मधल्या सुट्टीत आम्ही पोरं त्याच्यासारखं अडखळत मुलींची नावं घ्यायचो आणि हसायचो. मुली मान खाली घालून वर्गात निघून जायच्या. आम्हाला वाटायचं, लाजल्या. त्या घाबरत होत्या, हे कळायला मला शिक्षक व्हावं लागलं.

परदेशातलं एक उदाहरण इथे उपयोगी आहे. रॉबिन विल्यम्स हा हॉलिवूडचा मोठा विनोदी नट. १९९३ च्या ‘मिसेस डाउटफायर’मध्ये तो घटस्फोटित बाप आहे. पोरांना भेटता यावं म्हणून म्हातारीचं सोंग घेऊन बायकोच्या घरात कामाला शिरतो. तीच युक्ती आपण ‘चाची ४२०’मध्ये पाहिली आणि पोट धरून हसलो. २००२ मध्ये विल्यम्सने ‘वन अवर फोटो’ केला. त्यात तो दुकानात फोटो धुऊन देणारा एकटा माणूस. एका कुटुंबाच्या फोटोंच्या जास्तीच्या प्रती काढून तो घरी भिंतभर लावतो, आपण त्या घरातलेच आहोत असं समजू लागतो. आवाज तोच मऊ, हसू तेच. पहिल्या सिनेमात चोरून घरात शिरणं ही गंमत होती, दुसऱ्यात अंगावर काटा येतो. नट तोच. फरक एवढाच, की दुसऱ्या वेळी कॅमेरा घरातल्या माणसांच्या बाजूने उभा आहे.

रितेशच्या राकेश महाडकरचंही हेच आहे. टेलिफोन दुरुस्तीला घरोघर जाणारा मध्यमवयीन नोकरदार. ऑफिसात अपमान, घरात बायकोचे टोमणे. जी बाई तुसडेपणाने बोलते, तिच्या मागावर राहून तो तिला मारतो. रितेशने यासाठी चेहरा बदलला नाही, आवाज चढवला नाही. विनोदी सिनेमात मार खाणारा, ओरडा ऐकणारा जो बिचारा तो दहा वर्षं करत होता, तोच इथे आणला. फरक असा की त्या सिनेमांत अपमान झाला की तो केविलवाणा हसायचा आणि आपणही हसायचो. इथे तो तो अपमान खिशात घालून घरी नेतो. दिग्दर्शक मोहित सुरी यांनी त्याला ‘डर’च्या नायकासारखं प्रेमगीत दिलं नाही, म्हणून कोणी त्याची नक्कल करत फिरलं नाही. हे मोठं काम झालं असं मी मानतो.

पण या सिनेमाशी माझे दोन वाद आहेत. एक, बायकोच्या कटकटीला खुनाचं कारण करणं. असं दाखवलं की प्रेक्षकातला एखादा मनात म्हणतो, ‘तीच तशी होती.’ उल्हासनगरनंतरही लोक मुलीच्या वागण्याचीच चौकशी करत होते. दुसरा वाद, घरात दुरुस्तीला येणाऱ्या माणसाला राक्षस करण्याचा. आमच्या मोहल्ल्यातली निम्मी पोरं मोबाईल, फ्रिज, वायरिंगची कामं करतात. दारात उभं राहिल्यावर नाव सांगितलं की काही घरांतल्या नजरा बदलतात, हे त्यांनी मला सांगितलेलं आहे. म्हणून एक साधी गोष्ट नोंदवतो. या खुनी माणसाचं आडनाव महाडकर होतं आणि सिनेमा पाहून कोणीही जगातल्या महाडकरांकडे बोट दाखवलं नाही. तसंच असायला हवं. गुन्हा माणसाचा असतो. फक्त हा न्याय प्रत्येक आडनावाला मिळावा, एवढीच मागणी आहे.

आता माझ्या हसण्याबद्दल.

त्या हिवाळ्यात नववीतली एक मुलगी एसटीने शाळेत यायची. स्टँडपासून शाळेपर्यंत एक तरुण मोटारसायकलवर तिच्या मागे-पुढे करायचा. तो परका नव्हता, तिच्याच गावचा, चांगल्या घरचा. तिच्या मैत्रिणीने धीर करून मला सांगितलं, “सर, तो रोज येतो.” मी म्हणालो, “अगं, सिनेमातला हिरो समजत असेल स्वतःला. लक्ष देऊ नका.” आजूबाजूचे शिक्षक हसले, मीही हसलो. ती मैत्रीण हसली नाही. पंधरा दिवसांनी मुलगी यायची बंद झाली.

घरी गेलो. तिचे वालिद चहा पुढे करत म्हणाले, “सर, शाळा बाद में बी होती. आबरू नै आती वापस.” मी कायदा सांगू लागलो. २०१३ पासून पाठलाग हा वेगळा गुन्हा आहे, दंड संहितेत कलम ३५४ ड आलंय, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “तुम्हाला हे माहीत होतं, मग तेव्हा काय केलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिल्लीच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने अहवाल दिला, संसदेने कायदा केला, आणि तो कायदा आमच्या स्टाफरूमच्या दारात एका हसण्याने अडला.

मुलीने पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली आणि पास झाली. तो तरुण त्याच रस्त्याने कॉलेजला जात राहिला. शाळा सुटली ती तिची. आमच्या समाजात आपण अशा वेळी मुलीलाच घरात घेतो आणि त्याला इज्जत सांभाळणं म्हणतो. सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, मग बायकांना. जुम्म्याच्या बयानात पहिला भाग किती वेळा ऐकला, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

आता दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली आहे. १ जुलै २०२४ पासून पाठलागाचं कलम ७८ झालं. दरवर्षी जूनमध्ये मी नववी-दहावीच्या वर्गात हे कलम फळ्यावर लिहितो, खाली ११२ आणि १०९८ हे दोन नंबर लिहितो. मग मुलांना विचारतो, सिनेमात हिरो मुलीच्या मागे फिरतो तेव्हा तुम्ही का हसता? पहिल्यांदा वर्गात खसखस पिकते. मी थांबतो. मुलांच्या बाकांवर हसू उरतं, मुलींच्या बाकांवर उरत नाही. मुलांना म्हणतो, मागे वळून त्या बाकांकडे बघा.

धाकट्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. पडद्यावरचा तो माणूस जोकर की गुंड, हे त्याच्याकडे बघून कळत नाही. ज्या मुलीच्या मागे तो लागलाय, तिच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं.