जन्माला तर आलो, पण... (मूकपटाची संगीतसाथ)

यासुजिरो ओझू दिग्दर्शित ‘उमारेते वा मिता केरेदो’ (जन्माला तर आलो, पण...) या जपानी विनोदी मूकपटाच्या खेळाबरोबर प्रेक्षागृहात केले जाणारे प्रत्यक्ष वादन. शोचिकू कंपनीचा हा चित्रपट १९३२ मध्ये प्रदर्शित झाला आणि ‘किनेमा जुम्पो’ या नियतकालिकाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम जपानी चित्रपट ठरवले.

जपानमध्ये मूकपट निव्वळ वाद्यांच्या साथीने क्वचितच दाखवला जाई. पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा आणि सर्व पात्रांचे संवाद बोलणारा बेन्शी हा निवेदक खेळाचे मुख्य आकर्षण असे व वादकांना त्याच्या बोलण्याचा तोल सांभाळावा लागे. शामिसेन हे तीन तारांचे वाद्य, बासरी व ताईको हा ढोल यांच्या जोडीला व्हायोलिन, क्लॅरिनेट, पियानो घेणाऱ्या संमिश्र वाद्यमेळाला ‘वायो गास्सो’ म्हणत. १९३१ मध्ये दिग्दर्शक गोशो यांच्या ‘मादामु तो न्योबो’ या बोलपटाला यश मिळाल्यावर बेन्शी व वादक या दोघांच्याही पोटावर पाय आला. तरीही ओझू यांनी आणखी काही वर्षे मूकपटच केले.

टोकियोच्या उपनगरात नव्याने राहायला आलेल्या दोन भावांची ही कथा साथीदाराची खरी परीक्षा घेते. मुलांच्या मारामाऱ्या, बोटांच्या खुणेसरशी सवंगड्याने मेल्यासारखे आडवे पडण्याचा त्यांचा खेळ, मागून वरचेवर धावणाऱ्या विजेच्या गाड्या यांना चपळ लय सहज मिळते. कसोटी लागते ती वडिलांच्या साहेबाच्या घरी घरगुती चित्रफीत दाखवली जाते त्या प्रसंगी. तीत वडील वेडीवाकडी तोंडे करून वरिष्ठांना हसवताना दिसतात, जमलेली मंडळी खिदळतात आणि ज्यांना आपले वडील सर्वांत मोठे वाटत होते ती मुले गोठून जातात. येथे वादकाने पाहुण्यांच्या हसण्याला साथ दिली, तर मुलांचा अपमान झाकला जातो, आणि आधीच करुण सूर धरला, तर विनोद मरतो. म्हणून ठेका तसाच ठेवून स्वर हळूहळू विरळ करणे, किंवा क्षणभर वादन पूर्ण थांबवणे, हाच मार्ग सर्वांत योग्य ठरतो. त्यानंतर मुले अन्नत्याग करतात, तेव्हाही दुःखाचा सूर बेतानेच लावावा लागतो, कारण भुकेपुढे त्यांचा हट्ट फार काळ टिकत नाही.

अमेरिकेत २००८ मध्ये ओझू यांच्या तीन मूक कौटुंबिक विनोदपटांचा डीव्हीडी संच निघाला, त्यात डोनाल्ड सोसिन यांनी या चित्रपटासाठी रचलेले संगीत आहे. अशा ध्वनिमुद्रित साथीत चित्र आणि स्वर यांचा मेळ कायमचा ठरून जातो. प्रत्यक्ष खेळात मात्र समोरच्या प्रेक्षकांचे हसणे ऐकून वादक लय बदलू शकतो.