अँबेसेडरच्या तेलगाळणीची कुळकथा

पुण्यातल्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या एखाद्या दुकानात जाऊन आपण साठच्या दशकातल्या अँबेसेडरसाठी ऑइल फिल्टर मागितला, तर काउंटरमागचा जाणता माणूस खोके काढण्याआधी विचारतो, ‘‘इंजिन ओरिजिनल आहे ना? भांडं आहे की आट्यांचा डबा?’’ गिऱ्हाईक जरा गोंधळते. साधी तेलाची गाळणी हवी, त्यासाठी एवढी उलटतपासणी कशाला? परंतु त्या दोन प्रश्नांमागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास उभा आहे.

आरंभीच्या मोटारींना गाळणी नव्हतीच, कारण गाळावे असे फिरते तेलच फारसे नव्हते. पुष्कळ इंजिनांत तेल थेंबथेंब सोडले जाई, ते बेअरिंग ओले करी आणि जळून किंवा रस्त्यावर सांडून संपे. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तेल खेळते होते, पण पंप नव्हता. फिरते फ्लायव्हील चेंबरमधले तेल उडवी, त्यातले थोडे एका नळीतून उताराने इंजिनाच्या पुढच्या टोकाला जाई आणि बाकीचे काम शिंतोड्यांवर भागे. तेल किती उरले ते पाहायला चालकाने गाडीखाली वाकायचे आणि फ्लायव्हीलच्या कवचावरच्या दोन बारीक तोट्या उघडायच्या. कचरा तळाशी बसे, आणि तेल लवकर बदलणे हाच त्यावरचा उपाय. दाबाने तेल पुरवण्याची कल्पना मात्र त्याआधीच जन्मली होती, आणि तीही मोटारीत नव्हे. बर्मिंगहॅमच्या बेलिस कारखान्यातील आल्बर्ट पेन याने १८९० मध्ये वाफेच्या वेगवान इंजिनांसाठी तिचे पेटंट घेतले. आज त्याचे नाव कुणाच्या तोंडी नाही. पण पंपाने तेल थेट बेअरिंगपर्यंत पोहोचू लागले, तेव्हा तेलातला कचराही त्याच वाटेने तिथे पोहोचू लागला. गाळणीची गरज खऱ्या अर्थाने इथे निर्माण झाली.

ती भागवणारा माणूस मोटारवाला नव्हता. अर्नेस्ट स्वीटलँड हा औद्योगिक गाळणयंत्रे बनवणारा अमेरिकन अभियंता. १९२३ मध्ये जॉर्ज ग्रीनहाल्श याच्या साथीने त्याने मोटारीच्या तेलासाठी गाळणी पुढे आणली आणि तिचे नाव ठेवले प्युरोलेटर. ‘प्युअर ऑइल लेटर’ या तीन शब्दांची ती जोड आहे. म्हणजे तेल शुद्ध होईल, पण जरा सावकाश! जाहिरातीच्या धंद्यात इतके प्रामाणिक नाव क्वचितच सापडेल. पुढच्याच वर्षी वॉल्टर क्रायस्लरने आपल्या नावाच्या पहिल्या गाडीवर ती गाळणी बसवून दिली. उच्च दाबाचे, सात मेन बेअरिंगांचे ते इंजिन घाण खपवून घेणारे नव्हते.

नावातला ‘सावकाश’ मात्र बराच काळ टिकला. त्या पिढीतल्या बहुतेक गाळण्या मुख्य वाटेवर नसत. पंपातून निघालेल्या तेलाचा दहावा हिस्सा, फार तर त्याहून थोडा अधिक, आडवाटेने गाळणीत शिरे आणि चेंबरमध्ये परते. बाकीचे तसेच बेअरिंगला जाई. याला बायपास पद्धत म्हणत. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या इंजिनाशेजारचे उभे भांडे याच जातीचे, आणि १९४७ पासून मुंबईत महिंद्रांनी जोडलेल्या जीपगाड्यांबरोबर आपल्याकडच्या मेकॅनिकांची त्या भांड्याशी ओळख झाली. गाळायला आत कधी कापड, कधी सुती चोथा, कधी नमदा असे. बुलेट मोटारसायकलची नमद्याची गाळणी धुऊन पुन्हा बसवणारे लोक अजून सापडतात.

युद्धानंतर दोन गोष्टी बदलल्या. राळ पाजलेल्या, पंख्यासारख्या घड्या घातलेल्या कागदाने कापडाची जागा घेतली. लहानशा भांड्यात मोठे गाळणक्षेत्र मावू लागले. त्यामुळे सगळेच तेल गाळूनच बेअरिंगकडे पाठवणे परवडू लागले. पण त्यात एक धोका होता: कागद तुंबला किंवा कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट झाले, तर बेअरिंग कोरडे पडणार. म्हणून स्प्रिंगची एक छोटी झडप आली, जी दाब वाढला की न गाळलेले तेल पुढे सोडते. कोरड्यापेक्षा मळके बरे, असा तिचा हिशेब. ही झडप काही इंजिनांत ब्लॉकच्या बाजूला असते, काहींत फिल्टरच्या आत. आणि जुन्या गाडीसाठी फिल्टर निवडताना पहिली चूक बहुधा इथेच होते.

ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे बी-सीरीज इंजिन १९५३-५४ मध्ये आले. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून उत्तरपाड्याला घडलेल्या अँबेसेडरमध्ये सुरुवातीला जुने साइड-व्हॉल्व्ह इंजिन होते. १९५९ मध्ये तिला हे १४८९ सीसीचे बी-सीरीज मिळाले. त्याच्या कुशीला पत्र्याचे भांडे, मधोमध लांब बोल्ट आणि आत बदलायचे एलिमेंट. बोल्ट सोडला की भांडे तेलासकट हातात येते आणि मनगटावरून ओघळ कोपरापर्यंत जातो. खरी गंमत वरच्या खाचेत. तिथे चौकोनी काठाचे रबराचे कडे असते. वर्षानुवर्षे तापून ते इतके काळे आणि कडक होते की बिडाचाच भाग वाटावे. नवखा मेकॅनिक त्याच्यावरच नवे कडे बसवतो, बोल्ट आवळतो, आणि इंजिन सुरू होताच जमिनीवर तेलाचे तळे साचते. जाणता माणूस टाचणी घेऊन आधी खाच टोकरतो.

या ओघळावरचा उतारा म्हणजे आट्यांवर फिरवून बसवायचा, वापरून फेकून द्यायचा डबा. १९५४ साली तो आणल्याचे श्रेय अमेरिकेतल्या विक्स कंपनीला दिले जाते. सोय इतकी, की जुन्या भांड्याच्या जागी डबा बसवणारे जोडही पुढे निघाले. अँबेसेडरचीच नातलग असलेल्या एमजीबीत साठच्या दशकाच्या उत्तरार्धात फिल्टर उलटा, तोंड खाली करून बसवला गेला आणि नवी कटकट उभी राहिली: रात्रभर उभ्या गाडीतला फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी दाब येईपर्यंत बेअरिंग खडखडतात. म्हणून डब्याच्या तोंडाशी तेल परतू न देणारी रबरी झडप पाहून घ्यावी लागते. आटेही फसवे असतात. ब्रिटिश-अमेरिकन डबे बहुधा पाऊण इंची, इंचाला सोळा आट्यांचे. त्यांच्याशेजारी ठेवलेला वीस मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर पिचचा डबा डोळ्यांना तसाच दिसतो. पाऊण इंची नळीवर तो सैल फिरतो, रबर टेकले की घट्ट झाल्याचा भासही होतो. पण तेलाचा दाब पन्नास-साठ पौंडांवर गेला की तो सुटण्याची भीती राहते. १९९२ मध्ये अँबेसेडरला इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन मिळाले आणि जुन्या गाड्यांतही ते बसवले जाऊ लागले, म्हणून आता नुसते गाडीचे नाव सांगून भागत नाही. दुकानदाराचा पहिला प्रश्न त्यासाठीच होता.

उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये थांबला. त्याच्या कितीतरी आधीपासून युरोपातल्या नव्या गाड्यांनी पत्र्याचा डबा सोडून दिला होता. फेकायचा कचरा कमी व्हावा म्हणून त्या पुन्हा कायमचे भांडे आणि आतला सुटा कागद यांच्याकडे वळल्या. भांड्याचे झाकण आता अनेकदा प्लास्टिकचे असते, एलिमेंटच्या खोक्यात नवे रबरी कडे अजून येते, आणि जुने आधी काढावे लागते.